सोमवारपासून नक्की

४ नोव्हेंबर २०२४ला सोमवार होता. आदल्या दिवशी भाऊबीज झाली होती, दिवाळी संपली होती, आणि कॅलेंडरने आपण होऊन हातात सोमवार आणून ठेवला होता. डाएट पुन्हा सुरू करायला याहून चांगला मुहूर्त पंचांगातही सापडला नसता. सकाळी साडेसातला मी साखर न घालता ओट्स खाल्ले, अ‍ॅपमध्ये नोंद केली आणि आईने ‘ऑफिसात सगळ्यांना दे’ म्हणून बांधून दिलेला फराळाचा डबा बॅगेत टाकून हिंजवडीला निघालो. अकरा वाजता पँट्रीतल्या टेबलावर सात घरांचे सात डबे उघडे होते. सव्वाअकरापर्यंत माझ्या पोटात दोन चकल्या, एक बेसनाचा लाडू आणि कोणाच्या तरी मावशीने केलेला एक अनारसा गेला होता.

इथपर्यंत फार काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते सव्वाअकराला मनात आलेल्या एका वाक्याने: ‘आजचा दिवस तर गेलाच.’ दिवस कुठेही गेला नव्हता. त्याचे पावणेतेरा तास शिल्लक होते. पण एकदा तो गेला म्हटल्यावर दुपारी बिर्याणी झाली, संध्याकाळी टपरीवर दोन वडापाव झाले, आणि रात्री झोपताना मी स्वतःला शब्द दिला की पुढच्या सोमवारपासून नक्की.

पुढच्या सोमवारी एकाचा निरोपसमारंभ होता. त्याच्या पुढच्या सोमवारी रिलीज होतं आणि रात्री अकराला कंपनीच्या खर्चाने पिझ्झा आला. मग तुळशीचं लग्न होऊन माणसांची लग्नं सुरू झाली. नोव्हेंबर संपता संपता मी व्यवहारी विचार केला: आता वर्ष संपतच आलंय, १ जानेवारीपासून करू. १ जानेवारी २०२५ला निघाला बुधवार. बुधवारी कोणी डाएट सुरू करतं का? ६ जानेवारी, सोमवार, हे अखेर पक्कं झालं.

आता हिशेब करू. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत दिवाळीचे सात दिवस, म्हणजे २१ जेवणं. ४ नोव्हेंबर ते ५ जानेवारी हे ६३ दिवस, म्हणजे १८९ जेवणं. माझं डाएट दिवाळीने मोडलं असं मी सगळ्यांना सांगत होतो. दिवाळीने २१ जेवणं घेतली होती. उरलेली १८९, बरोबर नऊपट, मी सोमवारची वाट बघण्यात घालवली होती.

या सोमवाराविरुद्ध मला बोलायचं आहे.

मी डाएट का करत होतो ते सांगतो, कारण हा पोट सपाट करण्याचा मामला नव्हता. मे २०२४मध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ला आपण घरात. माझं वय २७, आणि वडील बारा वर्षांपासून त्या घरात राहतात, त्यामुळे मला पत्ता माहीत होता. १० जूनला मी सुरुवात केली. भात अर्ध्यावर आणला, रात्री भाकरी आणि भाजी, चहात साखर नाही, रोज चाळीस मिनिटं चालणं. अ‍ॅपमध्ये प्रत्येक घासाची नोंद. गणपतीतसुद्धा मोदक मोजून दोन. २७ ऑक्टोबरपर्यंत सलग १४० दिवस झाले होते. १४० दिवस म्हणजे ४२० जेवणं. हा आकडा मी ठरवून आणलेला नाही. २८ तारखेला घरी गेलो, चिवड्याबरोबर काय काय खाल्लं आणि अ‍ॅपने तो ठळक हिरवा आकडा काढून तिथे शून्य लावलं.

या शून्याचा अर्थ काय? माझा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे तो आकडा पडद्यामागे कसा निघतो हे मला माहीत आहे. एक काउंटर असतो, रोज त्यात एक मिळवायचा, एक दिवस चुकला की तो शून्यावर आणायचा. शाळेतल्या पोरानेही लिहावा असा कोड. तो माझ्या रक्ताबद्दल, यकृताबद्दल, स्नायूंबद्दल काहीही सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की साखळी तुटली. पण ते शून्य बघून मला खरंच वाटलं की ४२० जेवणं पुसली गेली.

शरीरात असा काउंटर नाही. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, आणि जगते तोवर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटत राहते. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली, ते एचबीएवनसी सांगतं. म्हणजे तो दोन-तीन महिन्यांचा गोळाबेरीज आकडा असतो, त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जरा जास्त. तीन महिन्यांत आपण साधारण पावणेतीनशे वेळा जेवतो. त्यातली आठ-दहा जेवणं लग्नकार्याची निघाली तर त्या आकड्याला फारसा फरक पडत नाही. दीडशे निघाली तर पडतो. शरीर सरासरी मोजतं. आपण, आपली अ‍ॅप्स, आपले डाएटगुरू आणि आपली नातेवाईक मंडळी मात्र साखळी मोजतो, आणि ती तुटली की सरासरीचाच गळा घोटतो.

‘एकवीस दिवस सलग करा, सवय लागते’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकाकडे जातं. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. नव्या नाकावरून नव्या नाश्त्यावर ते कसं आलं, देव जाणे. प्रत्यक्षात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर हे तपासलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. साखळी तुटली तरी सवय जागेवर होती.

मग तुटल्यावर आपण एवढे सैरभैर का होतो? यावर १९७५ साली सी. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी केलेला एक प्रयोग आहे, साधा आणि थोडा दुष्ट. कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना एक, काहींना दोन, काहींना काहीच नाही. मग ‘चव सांगा’ म्हणून समोर आइस्क्रीम ठेवलं. खाण्यावर एरवी बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे सरळच आहे. सतत जपून खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की आधीच्या खाण्यात खरोखर किती कॅलरी आहेत याला फार महत्त्व नाही. आपण काहीतरी भारी खाल्लं अशी समजूत झाली तरी पुरे. या प्रकाराला हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी नाव दिलं ‘व्हॉट द हेल इफेक्ट’. आमच्याकडे त्यासाठी फार आधीपासून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ आहे. म्हणजे सव्वाअकराचं माझं वाक्य माझं एकट्याचं नव्हतं, आणि त्यात माझ्या चारित्र्याचा काही खास दोषही नव्हता.

याउलट बाजाराला आपली ही घसरण फार आवडते. दिवाळी संपली की आठवडाभरात फोनवर हिरव्या बाटल्या दिसायला लागतात. तीन दिवसांचं डिटॉक्स, पाच दिवसांचं क्लीन्झ, पालक-काकडी-आल्याचा रस. मीही एकदा घेतलं आहे, त्यामुळे अधिकाराने बोलतो. सणानंतर वजनकाट्यावर दोन किलो वाढलेले दिसतात आणि छातीत धस्स होतं. पण दोन किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण पंधरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात. फराळाची कितीही बदनामी केली तरी चार दिवसांत एवढं साधणं हे पट्टीच्या खवय्याचं काम आहे. वाढलेलं वजन बरंचसं पाणी असतं. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन साठतं ते प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून, आणि चकली-शेव-चिवड्यातलं मीठ आणखी पाणी अडवतं. मग तीन दिवस रसावर राहिलं की ग्लायकोजेन उतरतं, पाणी निघून जातं, काटा दीड-दोन किलो खाली येतो, आणि श्रेय जातं पालकाला. तीन दिवस नेहमीचं वरण-भात-भाजी-भाकरी खाल्ली असती तरी त्यातलं बरंचसं पाणी गेलंच असतं. पण त्याची बाटली विकता येत नाही. शिवाय तीन दिवस उपाशी राहिलेला माणूस चौथ्या दिवशी काय करतो, ते मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अन्सेल कीज यांनी लिहून ठेवलं आहे. ३६ धडधाकट तरुण, सहा महिने दिवसाला साधारण १५७० कॅलरी आणि भरपूर चालणं. वजन जवळजवळ पावपट घटलं, डोक्यात दिवसरात्र अन्न, कोणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला. आणि निर्बंध उठल्यावर पोट तुडुंब भरूनही भूक भागेना. त्या प्रयोगाचं नाव उपासमारीचा प्रयोग असं होतं. माझ्या अ‍ॅपने मला आखून दिलेला रोजचा आकडा होता १५००, आणि त्याचं नाव ‘निरोगी जीवनशैली’. (ते रोज मैलोन् मैल चालत आणि मी खुर्चीत बसतो, हा फरक कबूल आहे. तरीही आकडा बघून मी दचकलो.)

इथवरचं सगळं माझ्यापुरतं होतं तर हा लेख लिहिला नसता. चार किलो इकडे, चार किलो तिकडे. लिहितोय ते बाबांच्या वहीमुळे.

बाबा सांगलीत असतात. निवृत्त आहेत, वय ६१. चार वर्षांपूर्वी मी त्यांना घरी साखर तपासायचं यंत्र घेऊन दिलं आणि एक लांबट वही. सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, आकडा लिहायचा, डॉक्टरांकडे जाताना वही न्यायची. वही सुरेख अक्षरात आहे: तारीख, वार, आकडा. रोज रात्री मी फोन करायचो आणि विचारायचो, “बाबा, आज किती?” हे मी काळजीपोटी करत होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

२०२५च्या संक्रांतीला मी घरी होतो म्हणून त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. वहीत आकडे ११२, १२६, १३१, ११८. लॅबच्या रिपोर्टात एचबीएवनसी ८.६. त्याचा अर्थ गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर २००च्या आसपास. डॉक्टरांनी वही चाळली, रिपोर्ट पाहिला, पुन्हा वही चाळली आणि म्हणाले, “ही वही आणि हा रिपोर्ट एका माणसाचे वाटत नाहीत.” आधीच्या खेपेला बाबांनी नुसती वही नेली होती. ती बघून गोळ्या आहेत तशाच ठेवल्या गेल्या होत्या.

घरी येऊन मी वही घेऊन बसलो. आकडे खोटे नव्हते. बाबा खोटं लिहिणाऱ्यांतले नाहीत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे हिशेब तपासले आहेत. मला खटकल्या त्या गाळलेल्या तारखा. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या ९२ दिवसांत नोंदी होत्या ३७. दसऱ्यानंतरचे तीन दिवस कोरे. दिवाळी कोरी. डिसेंबरात आत्याच्या नातवाचं बारसं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कोरं. मी मागे मागे जात राहिलो. १५०च्या वरचा शेवटचा आकडा सापडला ऑगस्टमध्ये: श्रावणातला सोमवार, २१४. त्यानंतर पाच महिन्यांत १५०च्या वर एकही आकडा नव्हता.

ती रात्र मला आठवत होती. २१४ ऐकून मी फोनवर वीस मिनिटं बोललो होतो. काय खाल्लं, का खाल्लं, आई कशाला देते, तुम्हाला कळत कसं नाही, मोठ्या काकांचं काय झालं ते विसरलात का. बाबा ‘हो’, ‘हो’ म्हणत होते.

“खाल्लेलं असतं त्या दिवशी कशाला टोचून घ्यायचं?” बाबा म्हणाले. “आकडा मला ठाऊकच असतो. मग तू विचारतोस. मग तुझी रात्र खराब, माझी रात्र खराब.”

आमच्या क्षेत्रात सर्व्हरवर देखरेख ठेवणारी यंत्रणा असते. सर्व्हर पडला की ती ओरडते आणि रात्री तीनला कोणाला तरी उठवते. समजा एखाद्याने ती अशी लिहिली की सर्व्हर ठीक असतानाच नोंद होईल आणि पडला की नोंद बंद होईल, तर आलेख कायम सुंदर दिसेल आणि धंदा बुडेल. मी बाबांसाठी नेमकी तीच यंत्रणा बांधली होती. पाच महिने तिने मला सुंदर आलेख दाखवला. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबुळ्या मोठ्या करून पडदा पाहिला आणि सुरुवातीचे बदल दिसतात असं सांगितलं. ते बदल त्या पाच महिन्यांतले आहेत असं मी म्हणत नाही, बारा वर्षांचा आजार आहे. पण गोळ्या ऑगस्टातच बदलायला हव्या होत्या, आणि बदलल्या नाहीत याचं कारण गोडाचा शिरा नव्हता. कारण माझा रात्रीचा फोन होता.

म्हणून मला वाटतं की पथ्य मोडल्यावर माणूस स्वतःला काय म्हणतो आणि घरातले त्याला काय म्हणतात, हा भावनांचा नाजूक प्रश्न वगैरे नाही. तो औषधाच्या मात्रेइतका रोखठोक प्रश्न आहे. ज्याला खाल्ल्याची लाज वाटते तो तपासणी टाळतो. मी स्वतः तेच केलं. सप्टेंबरात माझं एचबीएवनसी ५.६पर्यंत खाली आलं होतं, आणि डिसेंबरची तपासणी मी तीनदा पुढे ढकलली. शेवटी मार्चमध्ये केली ती बाबांच्या वहीनंतर, आणि आलं ५.९. आभाळ कोसळलं नव्हतं. पण ते कळायला मी तीन महिने उशीर केला, आणि त्या तीन महिन्यांत ‘आता सगळं संपलंय’ या खात्रीवर काय काय खाल्लं त्याची यादी नको.

आपल्या भाषेत यासाठी दोन क्रियापदं आहेत, आणि माझा राग त्यातल्या एकावर आहे. उपास सोडतात आणि उपास मोडतो. सोडणं हा विधी आहे: द्वादशीला पारणं असतं, व्रताला उद्यापन असतं, आजाऱ्याला सूट असते. बाहेर पडायची वाट बांधणाऱ्याने आधीच बांधून ठेवलेली असते. मोडणं म्हणजे अपराध. आमच्या आधुनिक डाएटला पारणं नाही, उद्यापन नाही, सूट नाही. त्यामुळे त्यातून बाहेर पडायचा एकच रस्ता उरतो, मोडण्याचा. त्यावर ‘चीट डे’ नावाचा उतारा निघाला आहे, म्हणजे आठवड्यातून एक दिवस फसवायची परवानगी. कोणाला फसवायचं? स्वादुपिंडाला?

आणि आयुर्वेदाच्या नावाने हिरव्या बाटल्या विकणाऱ्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय तरी वाचावा. तिथे सांगितलं आहे की अपायकारक सवय एकदम तोडू नये, थोडी थोडी करत, पावापावाने सोडावी, आणि हितकर सवयही तशीच पावापावाने लावावी. पंचकर्मानंतर जेवणावर परत यायचाही क्रम आहे: आधी पेया, मग विलेपी, मग यूष, आणि असं चढत नेहमीच्या अन्नापर्यंत. त्याची घरगुती आवृत्ती सगळ्यांनी खाल्ली आहे. तापातून उठल्यावर आजी पहिल्या दिवशी भाताची पेज द्यायची, मग मऊ भात, मग वरण-भात, आणि पोळी चार दिवसांनी. आजारातून जेवणावर परत कसं यायचं हे आजीला माहीत होतं. फराळातून जेवणावर परत कसं यायचं हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नाही, कारण तो आम्ही आजार मानत नाही, पाप मानतो.

२०१८-१९च्या सुमारास आमच्या घरात, बहुधा तुमच्याही, ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद जोरात होता. दिवसातून दोनदाच जेवायचं की थोडं थोडं वारंवार खायचं. आई एका पक्षात, आत्या दुसऱ्या, आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा बाचाबाची. आता आठवून नवल वाटतं की त्या सगळ्या भांडणात कोणीही विचारलं नाही की बाबा रे, ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी काय? दोन्ही पक्ष आदर्श दिवसाबद्दलच भांडत होते. असा दिवस वर्षातून किती वेळा येतो?

मित्राला हे सगळं ऐकवलं तर तो म्हणाला, “म्हणजे खा काहीही, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. इन्स्टाग्रामवर हेच सांगतात.” हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण ‘शरीराचं ऐका, मनाला येईल ते खा’ म्हणणारा पंथही आता मोठा झाला आहे, आणि तो बाबांच्या कामाचा नाही. बाबांचं शरीर त्यांना काही सांगतच नाही. २१४ असताना त्यांना छान वाटत असतं, आणि पडद्यावर बदल होतात तेव्हा डोळा दुखत नाही. त्यांना आकडे लागतात, रोज, न गाळता. मी शिस्त सैल करा म्हणत नाही. मी म्हणतो नोंद कडक करा आणि निकाल देणं बंद करा. आमच्याकडे मोठी गडबड झाली की दुसऱ्या दिवशी सगळे बसून लिहून काढतात: किती वाजता काय झालं, कोणी काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. त्यात कोणाची चूक हा रकाना नसतो. ही काही आमच्या धंद्याची उदारता नव्हे. चूक हा रकाना ठेवला की लोक लपवतात, आणि लपवलं की तोच सर्व्हर पुन्हा पडतो, एवढा अनुभव गाठीशी असतो म्हणून. ऑफिसात हे पाळणारा मी रात्री नऊला सांगलीला फोन लावून फौजदार व्हायचो.

आता काय केलं, तर फार काही नाही. मी अ‍ॅप काढून टाकलं. नियम एकच ठेवला, आणि तो सोमवाराविरुद्धचा आहे: परत यायचं ते पुढच्या जेवणाला. उद्या नाही, सोमवारी नाही, भरपाई म्हणून उपाशी राहून तर नाहीच. दुपारी बिर्याणी झाली तर रात्री आपली भाकरी आणि मेथी. ‘ये रे माझ्या मागल्या’ ही म्हण आपण जुन्या खोडीवर आलेल्या माणसाला टोमणा म्हणून वापरतो आणि तिचा पुढचा भाग विसरतो: ‘ताक कण्या चांगल्या’. मागलं म्हणजे ताक-कण्या असेल तर परत जायला ती जागा उत्तम आहे.

बाबांच्या वहीत मी दोन रकाने वाढवले. एकात काय खाल्लं, दुसऱ्यात जेवणानंतर दोन तासांनी साखर किती. डॉक्टरांना विचारून गोळ्या बदलल्या गेल्या. आणि रोज रात्रीचा ‘आज किती?’ मी बंद केला, जे मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच अवघड गेलं. पहिले पंधरा दिवस आम्हाला दुसरं बोलायचं काय तेच सुचत नव्हतं. होळीला त्यांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि २६३ लिहिलं. पाडव्याला आधी कोशिंबीर, मग कटाची आमटी, मग एकच पुरणपोळी, वर घराभोवती अर्धा तास चक्कर, आणि १८७ लिहिलं. हे त्यांना मी शिकवलं नाही. हिशेबनीस माणूस, दोन आकडे शेजारी दिसले की फरक कुठून आला ते शोधणारच. जुलैमध्ये एचबीएवनसी ७.४ होतं. गोळ्यांनी किती आणि वहीने किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

मागच्या महिन्यात इस्लामपूरला लग्न होतं. मी जाऊ शकलो नाही. रात्री बाबांचाच फोन आला.

“जिलब्या चार खाल्ल्या. २४१ आली. लिहिलंय.”

माझ्या तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं. त्याला दोन-तीन सेकंद लागले, आणि त्यांना ते कळलं असणार.

“मठ्ठा कसा होता?” मी विचारलं.

“पातळ,” बाबा म्हणाले. “आता आईने मुगाची खिचडी टाकलीय.”